नाव नको, कारण पाठव

प्रिय मनवा,

दर शनिवारी रात्री तू दोन नावं पाठवतेस आणि विचारतेस, "मामा, कुणाला खेळवू?" आजवर मी त्यातलं एक नाव कळवत आलो. या आठवड्यापासून कळवणार नाही. रागावलेलो नाही, कंटाळलेलोही नाही. तुझी टीम मला माझ्या टीमइतकीच जवळची वाटते, म्हणून तर हे लांबलचक पत्र लिहितोय. तुझी आईही, म्हणजे माझी ताई, ते वाचणार आहे. तेव्हा तुला ठाऊक असलेलं थोडं तिच्यासाठी सांगतो, तेवढं तू भराभर वाचून पुढे जा.

ताई, तू फोनवर विचारलंस, हा जुगार तर नाही ना? मनवाच्या या फँटसी फुटबॉल लीगमध्ये कुणीही पैसे लावलेले नाहीत. तिच्या लॅबमधल्या मुलामुलींनी मोसमाच्या सुरुवातीला एनएफएलचे, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलचे, खरे खेळाडू पाळीपाळीने निवडून आपापल्या संघात घेतले. त्याला ड्राफ्ट म्हणतात. खेळाडूने मैदानात जे केलं त्याचे गुण त्याच्या मालकाला मिळतात. चेंडू गोल रेषेपलीकडे नेला की, म्हणजे टचडाउनचे, सहा, चेंडू घेऊन दहा यार्ड पुढे गेलं की एक, असे. दर आठवड्याला दोघादोघांची जोडी लागते, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. मात्र संघातल्या सगळ्यांचे गुण धरत नाहीत. त्या आठवड्यापुरते नऊ जण निवडायचे, बाकीचे बाकावर. बाकावरच्याने चार टचडाउन केले तरी ते वाया. म्हणून सगळं येऊन थांबतं ते एकाच प्रश्नावर: कुणाला खेळवायचं आणि कुणाला बसवायचं?

हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे आणि तो माझ्या फ्रीमाँटजवळच्या ओकलंडमध्ये वाढला. 1962 साली ओकलंड रेडर्स या फुटबॉल संघाचा एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर न्यूयॉर्कला गेला होता. तिथल्या हॉटेलात त्याने संघाचा एक अधिकारी आणि ओकलंड ट्रिब्यूनचा वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांच्यासोबत बसून या खेळाचे नियम केले. पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये विंकेनबाखच्या घराच्या तळघरात पहिला ड्राफ्ट झाला. सगळ्यांत आधी उचलला गेला जॉर्ज ब्लांडा. जिम ब्राउन तेव्हा शिल्लक होता आणि त्या मोसमात ब्राउन 1,863 यार्ड पळाला. 2020 मध्ये रेडर्स ओकलंड सोडून लास व्हेगासला गेले, पण तळघरातला खेळ आता जगभर आहे. त्या तळघरातल्या कुणाच्याही हातात संगणकाने काढलेला अंदाज नव्हता. जे होतं ते स्वतःचं बघणं आणि स्वतःचं मत.

तुझ्या ॲपमध्ये प्रत्येक नावापुढे अंदाजे गुणांचा एक आकडा येतो. एकापुढे 12.9, दुसऱ्यापुढे 13.4. तू 13.4 वाल्याला घेतेस, आणि मी दुसऱ्याचं नाव सांगितलं की त्याला घेतेस. मनू, त्या अर्ध्या गुणात काहीही नाही. आणि मी पाठवलेलं नाव तुझ्या लेखी तसाच आणखी एक आकडा झालं आहे. जिंकलीस तर मामा हुशार, हरलीस तर मामा चुकला. यात तू कुठे आहेस? या खेळातली सगळ्यांत गोड गोष्ट तू दर आठवड्याला मला देऊन टाकतेस.

तेव्हा मी कसं बघतो ते सांगतो, पुढचं तुझं तू ठरव.

आधी गुण बघू नकोस, काम बघ. नोव्हेंबर 2014 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, जोनस ग्रे इंडियानापोलिसमध्ये 201 यार्ड पळाला आणि त्याने चार टचडाउन केले. महिन्याभरापूर्वीपर्यंत तो मुख्य चमूतही नव्हता. त्या आठवड्यात त्याला मिळवायला झुंबड उडाली. पुढच्या शुक्रवारी तो झोपून राहिला, सरावाला उशिरा पोचला आणि रविवारी डेट्रॉइटविरुद्ध चेंडू एकदाही त्याच्या हातात आला नाही. त्याच्या जागी पळाला लगॅरेट ब्लाउंट. तुमच्या पिट्सबर्गच्या स्टीलर्सनी त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. त्याने दोन टचडाउन केले. ग्रे झोपून राहील हे कुणालाच कळणारं नव्हतं. पण पेट्रियट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक समोरचा संघ बघून रनिंग बॅक बदलत, आज याला राबवत आणि उद्या त्याला, हे सगळ्यांना माहीत होतं. ग्रेने एक दिवस प्रचंड गुण मिळवले होते, पण त्याची जागा पक्की झालेली नव्हती. क्रिकेटमध्ये आठव्या क्रमांकावर येऊन तीन षटकार मारणारा आणि रोज सलामीला जाणारा, यांत पुढच्या सामन्यात कुणाला जास्त चेंडू खेळायला मिळणार हे तुला सांगावं लागत नाही. इथेही तेच बघायचं. संघाच्या डावांपैकी किती डावांत तो मैदानात होता? क्वार्टरबॅकने, म्हणजे पास टाकणाऱ्याने, त्याच्याकडे किती पास टाकले, भले ते सुटले असतील? आणि शेवटच्या पाच यार्डांत चेंडू कुणाच्या हातात देतात? ज्याला सलग तीन आठवडे आठ-आठ, नऊ-नऊ पास येताहेत आणि गुण मिळत नाहीत, त्याला मी बसवत नाही. साठ यार्डांच्या टचडाउनच्या एकाच धावेवर ज्याचे बारा गुण झाले, त्याच्यापासून मात्र मी जपून राहतो.

दुसरं, दुखापतींची यादी. ती नुसती शुक्रवारी बघितलीस तर अर्धीच कळते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस रविवारी खेळणारा प्रत्येक संघ कळवतो की कुणी पूर्ण सराव केला, कुणी थोडा आणि कुणी केलाच नाही. या तीन दिवसांची चाल महत्त्वाची. बुधवारी बाहेर बसलेला शुक्रवारी पूर्ण सरावाला आला तर त्याच्या नावापुढे 'क्वेश्चनेबल', म्हणजे खेळेल की नाही अनिश्चित, असलं तरी फार काळजी नको. अनुभवी खेळाडूंना बुधवारी नुसती विश्रांतीही देतात. बुधवारी पूर्ण सराव करणारा शुक्रवारी अचानक बाहेर बसला, तर ती काळजीची गोष्ट, कारण दुखणं आठवड्याच्या मधेच झालं आहे. 'डाउटफुल' असेल तर तो खेळणार नाही असंच धरून चाल.

शेवटची यादी सामन्याच्या नव्वद मिनिटं आधी येते. एकच्या सामन्यांसाठी तुझ्या घड्याळात साडेअकराला. रविवारी त्यानंतरचा अर्धा तास फोन हातात असू दे. पण सगळे सामने एकला सुरू होत नाहीत, आणि खरी गंमत इथे आहे. समजा, तुझा क्वेश्चनेबल रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, चार पंचवीसच्या सामन्यात आहे. त्याचं नक्की कळेपर्यंत एकचे सामने सुरू झालेले असतात आणि त्यांतले तुझे बाकावरचे खेळाडू अडकलेले असतात. तो बाहेर बसला तर तुझ्याकडे उरलं कोण? म्हणून अशा आठवड्यात दुपारी चारनंतरच्या, रात्रीच्या किंवा सोमवारच्या सामन्यातला एक राखीव बाकावर ठेवायचाच, मग तो थोडा दुबळा असला तरी चालेल. त्याच कारणाने गुरुवारी खेळणाऱ्याला फ्लेक्सच्या जागेत कधी टाकू नकोस. तो रनिंग बॅक असेल तर रनिंग बॅकच्या जागेत बसव. फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कुणीही चालतो. ती मोकळी जागा जितकी उशिरापर्यंत तुझ्या हातात राहील तितकं बरं. यात नशिबाचा भाग काहीच नाही. नुसती काळजी घ्यायची आहे आणि तुझ्या लीगमधले निम्मे लोक ती घेत नसतील.

पावसाला लोक घाबरतात. मी वाऱ्याला घाबरतो. 6 डिसेंबर 2021 ला बफेलोमध्ये असं वारं सुटलं होतं की पेट्रियट्सच्या मॅक जोन्सने अख्ख्या सामन्यात तीनच पास टाकले, तरीही ते 14-10 ने जिंकले. त्या रात्री ज्यांनी पेट्रियट्सचे रिसीव्हर खेळवले त्यांना काय मिळालं असेल ते बघ, आणि हवामानाचा अंदाज तर आधीपासून समोर होता. डिसेंबरात उघड्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याचा वाऱ्याचा वेग बघत जा. किकर आणि डिफेन्सबद्दल वेगळं काही सांगत नाही. समोर दुबळा क्वार्टरबॅक असलेला डिफेन्स दर आठवड्याला नवा घेत जा, तेवढं पुरे.

आणि समोर कोण आहे ते बघायला विसरू नकोस. समोरच्याची टीम तुझ्यापेक्षा भारी असेल तर दहा गुण हमखास देणारा तुझ्या कामाचा नाही. तिथे पाच किंवा पंचवीस मिळवणाराच घ्यावा लागतो. तूच भारी असशील तर उलट. म्हणजे तेच दोन खेळाडू, तोच आठवडा, आणि तुझं उत्तर एक तर तुझ्या मैत्रिणीचं दुसरं, दोन्ही बरोबर. मी फ्रीमाँटमध्ये बसून एक नाव सांगायचो तेव्हा यातलं किती धरलेलं असणार?

आता माझं मागणं. शनिवारी रात्री दोन ओळी लिहून पाठव: याला खेळवतेय, कारण हे. मंगळवारी आपण त्या ओळी उघडू. तुला शनिवारी कळण्यासारखं जे होतं त्यातलं काही निसटलं का, एवढंच बघू. रविवारी काय झालं ते त्या खेळाडूंचं. त्यावर आपला हात नाही, आणि नाही हे चांगलंच आहे.

का, ते सांगतो. 16 डिसेंबर 2007, फिलाडेल्फिया ईगल्स डॅलसमध्ये 10-6 ने पुढे, शेवटची काही मिनिटं उरलेली. ईगल्सचा ब्रायन वेस्टब्रुक चेंडू घेऊन सुटला, समोर मोकळं मैदान. गोल रेषेच्या एक यार्ड आधी तो मुद्दाम गुडघा टेकून खाली बसला. टचडाउन केला असता तर चेंडू डॅलसला मिळाला असता. तो बसला, म्हणून ईगल्सना घड्याळ संपवता आलं. जॉन रनियन या सहकाऱ्याने आधीच सगळ्यांना तसं सांगून ठेवलं होतं. फँटसीत ते बाद फेरीचे दिवस, कित्येकांचे सहा गुण तिथे, त्या एका यार्डावर राहिले. मला तो डाव खेळातल्या सर्वांत देखण्या डावांपैकी एक वाटतो. वेस्टब्रुक त्याच्या संघासाठी पळत होता, आणि आपल्याला मिळतात ते गुण त्याच्या त्या कामामागून येतात.

दुसरी गोष्ट तुझ्या गावाजवळच्या मुलाची. डमार हॅमलिन पिट्सबर्गला लागून असलेल्या मकीज रॉक्सचा. 2 जानेवारी 2023 ला सिनसिनाटीत, बफेलोकडून खेळताना, एका टॅकलनंतर तो उठला आणि कोसळला. त्याचं हृदय थांबलं होतं. वैद्यकीय मदतनीसांनी मैदानातच ते पुन्हा चालू केलं. तो आठवडा बहुतेक लीगमध्ये अंतिम फेरीचा होता. जॉश ॲलन, जो बरो, जमार चेस हे सगळे त्याच सामन्यात, हजारो विजेतेपदं त्यांच्या गुणांवर अडलेली. सामना थांबवला, पुढे रद्द झाला. कितीतरी लीगनी विजेतेपद दोघांत वाटून दिलं. हॅमलिनने आपल्या गावच्या मुलांना खेळणी देण्यासाठी 2,500 डॉलर गोळा करायला निधी काढला होता. त्यात लोकांनी 80 लाखांहून अधिक डॉलर टाकले. तो बरा झाला आणि पुढच्या मोसमात पुन्हा खेळला. तुझा एखादा खेळाडू पडला तर आधी तो उठतोय का ते बघ. बदली मंगळवारीही मिळते.

या महिन्यात जमलं तर स्टीलर्सचा एक सामना मैदानात जाऊन बघ, तिकिटाचे पैसे मी पाठवतो. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो. मैदानात तू तुझ्या रिसीव्हरवर नजर ठेव. चेंडू त्याच्याकडे येत नसताना तो किती वेळा पूर्ण वेगाने धावतो, किती वेळा दुसऱ्यासाठी वाट मोकळी करून देतो, हे तिथे दिसतं. गरम कपडे घालून जा, मैदान नदीकाठी आहे, तिथे थंडी फार असते. आणि शनिवारच्या दोन ओळींची वाट बघतोय.

तुझा,
मामा