पाणी

मराठीच्या तासाला 'पाणी' या शब्दाची मोठी गंमत वाटते. पाणीदार डोळे, मोत्याचे पाणी, एखाद्याचे पाणी जोखणे! वर्गमित्रांना हे भाषेचे अलंकार वाटतात. मी लोहाराच्या घरचा. आमच्याकडे पाणी ही हाताने करावयाची गोष्ट आहे. विळा घडवून झाला तरी तो विळा नव्हे. त्याला पाणी द्यावे लागते, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करावे लागते. त्यावाचून धार टिकत नाही. तेलात बुडविले तरी म्हणायचे 'पाणी दिले'च!

हे काम आबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत. मला तर सांडशीलाही हात लावू देत नसत. "तू वही धर. हितलं तुझं काय न्हाई," असे म्हणत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण अलीकडे आबांची नजर उतरली. घण अजून अचूक पडतो. मात्र रंगांतला फरक त्यांना दिसत नाही, आणि पाणी देणे हे सारे रंगांचेच काम. दिवाळीच्या सुट्टीत ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून मी एक सुरी घडविली, कानसली आणि विचारले, "आबा, पाणी मी देऊ?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिवा मालव."

अंधाराशिवाय तापल्या लोखंडाचा रंग खरा कळत नाही. पाते काळसर तांबडे झाले, मग कुंकवासारखे. मी जुन्या स्पीकरमधले चुंबक लावून पाहत होतो. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला ओळखेनासे होते, हे मी वाचले होते. आबांना चुंबकाची गरज कधी पडली नाही. "कुंकवाच्या फुडं, केशराच्या अलीकडं," एवढेच त्यांचे माप. चुंबक धरेनासे झाल्यावर आणखी थोडा भाता ओढला आणि आबांचे माप आले. पाते उभे कोमट गोडेतेलात गेले. चर्र आवाज झाला, धूर उठला. नंतर कानस लावली, तर काचेवरून घसरावी तशी ती घसरली.

"आत्ता खाली पडलं तर दोन तुकडं व्हतील," आबा म्हणाले. पुस्तकही तेच सांगते. एकदम थंड झाल्याने कार्बन लोखंडाच्या रचनेत अडकून पडतो. या अवस्थेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. ती जेवढी कठीण तेवढीच ठिसूळ. म्हणून दुसरी, मंद आच द्यावयाची. आबांच्या भाषेत पाणी 'उतरवायचे'.

आता दिवा लावला. पाते घासून लख्ख केले आणि तापविलेल्या लोखंडी पट्टीवर त्याची पाठ टेकविली. आबांनी डोळे मिटून घेतले. "सांग."

"पाठीवर कडबा आला, आबा."

"फुडं?"

"गूळ. आता जांभूळ."

"धारंवर काय?"

"कडबा!"

"काढ!"

मी पाते पाण्यात विझविले. पाठ चिवट राहिली, धार कठीण राहिली. कडबा म्हणजे सुमारे २२० ते २३० अंश. हा आकडा सांगितला तेव्हा आबा हसले नाहीत. त्यांनी तो मला पुन्हा म्हणावयास लावला.

आता गावातले विळे-कोयते पाण्यासाठी रविवारपर्यंत थांबतात. मी रंग सांगतो, आबा 'काढ' म्हणतात. पुढच्या वर्षी मी बी. ए. होईन, नोकरीसाठी बाहेर पडलो तर रंग कोण सांगणार, हे आबा विचारीत नाहीत. मी मात्र त्यांचे शब्द उतरवून ठेवतो आहे : कुंकू, केशर, कडबा, गूळ, जांभूळ, मोरपीस. प्रत्येकापुढे अंश लिहितो. वही धर, असे त्यांनीच सांगितले होते.

— एस. वाय. बी. ए.