डॉक्टर कोणत्या पक्षाचे?

डॉ. दत्ता सामंतांना ‘डावे कामगार पुढारी’ म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. घाटकोपरला खाणकामगारांवर उपचार करता करता हा माणूस युनियनकडे वळला. १९७२ला आमदार झाला तो काँग्रेसच्या तिकिटावर, काम केलं ते काँग्रेसच्याच इंटक या कामगार संघटनेत. आणीबाणीत तुरुंगात टाकलं तेही काँग्रेस सरकारनंच. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मालकांच्या जोडीला आडवा आला राष्ट्रीय मिल मजदूर संघ. म्हणजे पुन्हा इंटकच! कायद्यानं वाटाघाटीचा हक्क एकट्या त्या संघाकडे. डॉक्टरांची भाषा मात्र बोनसची, पगारवाढीची, बदली कामगाराला कायम करण्याची. त्यात मार्क्स शोधायचा तर शोधावा.

गिरणगावाला पक्षांच्या अशा सरमिसळीचं नवल नव्हतं. आमच्या नात्यातले एक विणकर गेटवर कम्युनिस्टांच्या लाल बावट्याची पावती फाडत आणि संध्याकाळी शिवसेनेच्या शाखेत बसत. विचारलं तर म्हणत, ‘पगाराचं तिथं, पोराच्या नोकरीचं इथं.’ परळमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा १९७०मध्ये खून झाला आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीला हरवून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. ही मतं काही मलबार हिलवरून आली नव्हती. त्याआधी १९६८च्या पालिका निवडणुकीत सेनेनं प्रजा समाजवाद्यांशी युती केली होती. पुढे १९८४मध्ये तर खुद्द कॉम्रेड डांगे सेनेच्या अधिवेशनाच्या व्यासपीठावर दिसले.

त्याच वर्षअखेर, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही, संप हरलेल्या कामगारांनी डॉक्टरांना काँग्रेसविरुद्ध दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर धाडलं.

हल्लीच्या पक्षांतराचं समर्थन करताना कुणी सामंतांचा दाखला दिला, तर मी ऐकून घेणार नाही. ते सत्तेपासून लांब गेले, सत्तेकडे नव्हे. पण त्यांच्या मोकळेपणाची किंमतही मोठी होती. संप चिघळला तेव्हा त्यांच्या वतीनं दिल्लीत शब्द टाकणारा, किंवा ‘आता मागे घ्या’ असं त्यांना हक्कानं सांगणारा पक्षच पाठीशी नव्हता. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.