पट्टी यायच्या आधी

२०२३-२४ या वर्षात भारतातून ३ लाख ४३ हजार टनांहून जास्त ताजी द्राक्षं परदेशी गेली. त्यांची किंमत झाली ३,४६० कोटी रुपये. अशी बातमी पेपरात आली की आमच्या घरी ती मोठ्याने वाचली जाते, कारण त्या टनांत दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या बागेचा माल असतो. लग्न होऊन आले तेव्हापासून मी बागेत राबते आणि हंगामात जवळच्या एका पॅकहाऊसमध्ये माल तपासायला जाते. त्यामुळे एकच घड मी वेलीवरही बघते आणि निर्यातीच्या डब्यात, म्हणजे पनेटमध्ये, बसतानाही. निर्यात वाढली याचा मला मनापासून अभिमान आहे. ती कोणाच्या जिवावर वाढली हे मात्र त्या बातमीत कधीच नसतं, आणि मला लिहायचंय ते त्याबद्दल.

माझे सासरे, आण्णा, जुन्या पिढीतले बागायतदार. १९९१ साली महाग्रेप्स उभी राहिली आणि द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन युरोपात माल पाठवायला सुरुवात केली, ते दिवस त्यांनी पाहिलेत. आण्णा सांगतात, तेव्हा खरी अडचण गारव्याची होती. तोडलेल्या घडातली उष्णता काही तासांत काढून घ्यावी लागते, नाहीतर देठ सुकतो आणि मणी गळतो, हे कळायला आणि तशी प्रीकूलिंगची सोय उभी राहायला वेळ गेला. आज आमच्या भागात दर थोड्या अंतरावर कोल्ड स्टोरेज दिसतं. द्राक्षाचं पीक आधीपासून होतंच. निर्यात धरली ती या गारव्याने.

दुसरा आधार हातकामाचा. खरड छाटणी एप्रिलात होते आणि गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. त्यानंतर यंत्राला करता येईल असं काम फार थोडं उरतं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवरच्या एकेका डोळ्याला पेस्ट लावायची. फुटवे काढायचे. मणी ज्वारीएवढा-बाजरीएवढा असताना प्रत्येक घड जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात बुडवायचा. आणि मग विरळणी, म्हणजे आमच्या भाषेत थिनिंग.

थिनिंगसाठी सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतून टोळ्या येतात. बायाबापड्या, बरोबर लेकरं, भांडीकुंडी. बागेच्या कडेला ताडपत्रीच्या खोपीत महिना-दोन महिने बिऱ्हाड. काम एकरी ठेक्यावर. त्यातल्या एका मावशींच्या शेजारच्या ओळीत मी कितीतरी वर्षं काम केलंय. त्यांच्या हातात लहान कात्री असते. डाव्या हाताच्या दोन बोटांत घडाचं वरचं टोक हलकेच धरायचं, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. आधी आतल्या बाजूला वळलेले मणी काढायचे, मग बारीक राहिलेले, मग पाकळ्या, म्हणजे घडाच्या बाजूच्या फांद्या, मोजून मधली एखादी अख्खी पाकळी काढायची. घडावर शंभराच्या आसपास मणी राहिले पाहिजेत. काम झालेला घड त्या दिवशी बोडका दिसतो, नवख्या माणसाला वाटतं नुकसान केलं. पण दोन महिन्यांनी तोच मणी १८ मिलिमीटरचा होतो आणि घड बरोबर भरतो. विरळणी कमी पडली तर मधले मणी एकमेकांना दाबतात, त्यातला एक चिरतो, आणि महिनाभराच्या समुद्रप्रवासात तो एक मणी अख्खं पनेट नासवतो. हे मी पॅकहाऊसमध्ये डोळ्यांनी पाहिलंय. मावशींनी समुद्र पाहिलेला नाही, पण कोणता मणी तिथवर टिकणार नाही हे त्या अचूक सांगतात.

एका वेलीवर तीस-चाळीस घड, एकरात हजाराच्या घरात वेली. ३ लाख टनांचा आकडा अशा बोटांनी उभा केलाय.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि तिथे आम्ही सगळ्यात जास्त बदललो. २००६ मध्ये अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, ग्रेपनेट ही व्यवस्था सुरू झाली. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवायचा, त्याला नंबर मिळतो, आणि रॉटरडॅमच्या दुकानातल्या डब्यावरून मागे येत येत त्या प्लॉटपर्यंत पोचता येतं. कोणत्या तारखेला कोणतं औषध, किती पाण्यात, फवारणीपासून काढणीपर्यंत किती दिवस गेले, सगळं वहीत. आमची वही मी लिहिते. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारशीत औषधांची यादी त्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेली असते. काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन स्वतः सॅम्पल घेतो. रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. एखाद्या औषधाचा अंश मर्यादेच्या वर निघाला तर त्या प्लॉटला अलर्ट लागतो आणि माल थांबतो.

एवढी व्यवस्था असूनही २०१० साल आलंच.

त्या हंगामात आमच्या मालाचे रिपोर्ट व्यवस्थित आले होते. माल गेला, कंटेनर लागले, आणि मग युरोपातून बातमी आली की भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड सापडलंय. आम्ही त्याला सीसीसी म्हणतो. खरड छाटणीनंतर वेलीची नुसती वाढ रोखून काडीत घड तयार व्हावेत म्हणून ते वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. ते वेलीत राहतं आणि महिन्यांनंतर फळात उतरतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत तेव्हा ते नव्हतंच, म्हणून इथल्या प्रयोगशाळेने ते शोधलं नाही. तिकडे मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर बंदरात अडकले, माल पडून राहिला, काही ठिकाणी नष्ट करावा लागला. गावोगावी तेच.

आमची पट्टी आली ती मे महिन्यात. माल विकून झाल्यावर निर्यातदार जो हिशेब पाठवतो त्याला पट्टी म्हणतात. त्यात विक्रीची रक्कम वर असते आणि खाली कपातीची ओळ न ओळ: जहाजाचं भाडं, तिकडचं शीतगृह, पुन्हा पॅकिंग, कमिशन, विल्हेवाटीचा खर्च. आमच्या पट्टीत खालची बेरीज वरच्या रकमेपेक्षा मोठी होती. ज्याने माल नेला त्या निर्यातदाराने सांगितलं, तुमच्याकडून येणं निघतंय, पुढच्या वर्षीच्या मालातून वळतं करू. आण्णांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. नियमाप्रमाणे औषध वापरलं, सॅम्पल दिलं, रिपोर्ट पास झाला, आणि तरीही सगळा बोजा बागेवर. जहाजवाल्याला भाडं मिळालं, शीतगृहाला भाडं मिळालं, प्रयोगशाळेला फी मिळाली. त्या वर्षी सोसायटीचं कर्ज फेडायला सासूबाईंच्या पाटल्या गेल्या.

पुढच्या हंगामापासून सीसीसी तपासणीच्या यादीत आलं. बागायतदारांनी ते वापरणं सोडलं आणि काडीत घड यावा म्हणून शेंडा मारणं, पाणी तोडणं याच्यावर भर दिला. भारतीय द्राक्षावरचा विश्वास काही हंगामांतच परत बसला, आणि तो बसवला वेलीपाशी उभ्या असलेल्या माणसांनी. २०११ मध्ये आमच्याच तालुक्यात मोहाडीला शेतकऱ्यांची सह्याद्री ही कंपनी उभी राहिली. आपला माल आपणच पाठवला पाहिजे हा विचार त्या काळात आमच्या भागात घरोघरी बोलला जात होता.

पॅकहाऊसचं काम मी त्यानंतर धरलं, कारण माल बागेतून गेल्यावर त्याचं काय होतं ते मला कळायला हवं होतं. सकाळी ऊन चढायच्या आत तोडलेले क्रेट येतात. आम्ही मण्याचा घेर रिंगेत घालून बघतो, रसाची साखर मोजतो, डागी मणी कात्रीने काढतो, अर्धा किलोच्या पनेटमध्ये घड बसवतो. दहा पनेटचा एक बॉक्स. वर सल्फर डायऑक्साईड सोडणारा कागद ठेवायचा, म्हणजे बुरशी धरत नाही. मग प्रीकूलिंग, मग शून्य अंशाच्या आसपास साठवण, मग गारव्याचा रेफर कंटेनर न्हावा शेव्याला. या ओळीवर उभ्या असलेल्या जवळजवळ सगळ्या बायकाच आहेत.

२०२४ चा हंगाम मी इथेच काढला. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्याने कंटेनर सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागले. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला, भाडी चढली. दिंडोरीतल्या बागेत उभं राहून येमेनजवळच्या हल्ल्यांची चौकशी करायची वेळ आमच्यावर आली. माल जास्त टिकावा म्हणून आम्ही तपासणी कडक केली, थोडाही मऊ वाटलेला घड बाजूला. बाजूला काढलेला घड लोकल बाजारात जातो आणि तो दराचा फरक बागायतदाराच्याच खिशातून जातो. त्या वर्षी निर्यातीचा आकडा तरीही वाढला, तो मी सुरुवातीला दिलाच आहे. पण आमच्या गावात बऱ्याच जणांच्या पट्ट्या उशिरा आल्या आणि वाढलेलं भाडं त्यांत कापलेलं होतं.

पाऊस आला, गारपीट झाली, तर ते नुकसान आमचं, याबद्दल तक्रार नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा उतरतो तेव्हा पहाटे ओळीओळींतून शेकोट्या पेटवतो, ड्रिप सुरू करतो, मणी तडकू नये म्हणून जे हातात आहे ते करतो. ती शेतीच आहे. पण माल पारखून, मोजून, रिपोर्ट बघून कोणी ताब्यात घेतला, तर तिथून पुढच्या समुद्राची जोखीम त्याने घ्यायला हवी. कंटेनरचा विमा तो काढू शकतो, खरेदीदाराशी करार तो करतो, भाड्याचे दर त्याला आधी कळतात. आमच्याकडे यातलं काहीच नाही.

गेल्या हंगामात गावातले आम्ही काही बागायतदार हे घेऊन एकत्र बसलो. ठरवलं की पट्टीवर माल द्यायचा नाही. साखर आणि मण्याचा घेर बागेतच दोघांसमोर मोजायचा, औषधांच्या अंशाचा, म्हणजे रेसिड्यूचा, रिपोर्ट हातात असला पाहिजे, दर माल उचलायच्या दिवशी कागदावर लिहून सही व्हायची, आणि निम्मे पैसे गाडी बांधावरून हलायच्या आत खात्यात जमा. दोन निर्यातदार ऐकून निघून गेले. तिसरा तयार झाला, पण किलोमागे काही रुपये कमी देईन म्हणाला. आण्णा अडून बसले होते. बोलणी मी केली, आणि तो कमी दर घेतला. काही बागायतदारांनी घेतला नाही, ते पट्टीवरच गेले, आणि त्यांतल्या दोघांना आमच्यापेक्षा चांगले पैसे झाले, हेही सांगायला हवं.

आमचे पैसे एप्रिलमध्ये पूर्ण मिळाले. खरड छाटणीच्या आधी हिशेब हातात असण्याची आमच्या घरातली ही पहिलीच वेळ. त्यामुळे सुरगाण्याच्या टोळीचा यंदाचा ठेका छाटणी व्हायच्या आधीच ठरवता आला. मावशींनी एकरी दर वाढवून मागितला, खोपीऐवजी पत्र्याची खोली आणि संडास मागितला. दर मान्य केला. खोलीचं बांधकाम सुरू आहे.