मायना

भाऊबीजेला ताई आली की अंगणातूनच कळते. एक पाऊल टेकते, दुसरे ओढत येते. चार वर्षांची असताना पोलिओने तिचा पाय गेला. मी तेव्हा पाळण्यात होतो. पुढे आईने मला धावतपळत नेऊन ते दोन थेंब पाजून आणले. पण त्या थेंबांत पोलिओचाच जिवंत विषाणू असतो म्हणतात. मग माझे पाय कसे राहिले, हे कोडे मला कधी सुटले नव्हते.

यंदा भाचीने ते सोडवले. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते; मी पडलो मॅट्रिक झालेला मराठीचा मास्तर. ती म्हणाली, “मामा, हा विषाणू म्हणजे सुमारे साडेसात हजार अक्षरांचे पत्र समजा. त्यातली पहिली ७४० अक्षरे नुसता मायना. त्यांतून विषाणूची मुख्य प्रथिने बनत नाहीत.”

“मग ती हवीत कशाला?”

“सगळा कारभार तिथूनच चालतो! पेशी ते पत्र एका टोकाकडून वाचते, नक्कल मात्र दुसऱ्या टोकाकडून उतरते. दोन्ही एकदम सुरू झाली तर टक्करच. मायन्याच्या आरंभी तिपानी घडी असते. विषाणूचे प्रथिन तिच्यावर येऊन बसले की वाचन आवरून नक्कल सुरू होते. वाचायला कुठून लागायचे, ते त्यापुढची अक्षरे सांगतात. साबिन यांच्या तिसऱ्या प्रकारच्या लशीत तिथले ४७२वे अक्षर बदललेले आहे. लशीत इतर बदलही आहेत, पण हा मोठा. मज्जापेशींना ते पत्र मग नीट वाचता येत नाही. वाचनच अडले की नकला कुठून निघणार?”

ते अक्षर आतड्यात बहुधा पुन्हा मूळपदावर जाते. म्हणून २०२१ मध्ये वापरात आलेल्या दुसऱ्या प्रकारच्या नव्या लशीत हा मायनाच अधिक पक्का बांधला आहे.

मी मुलांना सांगत आलो, मायन्यात काय आहे, मजकूर बघा! जन्मभर चुकलेल्या अक्षरांखाली तांबड्या रेघा ओढल्या. आणि माझे पाय राखले ते मायन्यातल्या एका चुकलेल्या अक्षराने. ताईच्या वाट्याला शुद्ध प्रत आली होती.

आपल्या देशात या आजाराचा मूळ विषाणू २०११ च्या जानेवारीत हावड्याला शेवटचा आढळला. आज माझ्या वर्गात तसे पाऊल ऐकू येत नाही.

ताई सारे ऐकत होती. मांडीवर हात रोवून ती उठली, तबक घेतले आणि म्हणाली, “पुरे झाले शास्त्र. बैस पाटावर.”

मी मुकाट्याने बसलो.