मामाला दारुडा करू नकोस

चि. बाळू,


तुझी कथा काल रात्री एका बैठकीत वाचली आणि झोप उडाली. तू विचारलंस एवढंच, की कार्ल्याच्या एकवीरेसमोरच्या शपथेचा प्रसंग फिल्मी वाटतो का. मुळीच नाही. आईची आण घेतलेला माणूस पोलिसापुढेही तोंड उघडत नाही, हे गव्हाणच्या भानगडीत आपण दोघांनी पाहिलंय. माझी तक्रार वेगळीच आहे.

न्हावा शेव्याच्या यार्डातला तुझा कारकून शपथ मोडतो, रक्तचंदनाचा कंटेनर कस्टमवाल्यांना दाखवून देतो, आणि नोकरीला लावणारा मामा आत जातो. (मामाच कशाला रे? काका नव्हता मिळाला?) इथवर झकास. पण त्या मामाला तू दारुडा केलंस, बायकोला बडवणारा केलंस. कशासाठी? भाच्याला पाप लागू नये म्हणून! ही लबाडी झाली. नालायकाला दगा द्यायला काय लागतं? मामा कसा हवा, तर भाच्याची फी भरलेला, त्याच्या पहिल्या पगाराला गावभर पेढे वाटलेला. मग मोडू दे शपथ.

आपल्या लोकांना इमान राखणाऱ्यांचंच कौतुक. जन्माचं रहस्य कळल्यावरही कर्ण दुर्योधनाला सोडत नाही. 'मृत्युंजय' वाचताना मीही रडलोय. पण युयुत्सू? धृतराष्ट्राचाच मुलगा, ऐन युद्धाच्या तोंडावर भावांना सोडून पांडवांकडे गेला. बाजू खरी होती. त्याच्यासाठी कोण रडतं? धर्मवीर भारतींचं १९५४ मधलं 'अंधा युग' वाच. जिंकलेला युयुत्सू घरी येतो तर गांधारी टोचून बोलते. त्याच्याच अग्निबाणाने पाय गेलेल्या मुक्या सैनिकाला तो पाणी पाजायला जातो, तर सैनिक त्याला ओळखून भिऊन सरपटत लांब पळतो. खऱ्या बाजूने जाऊनही हे वाट्याला येतं. तुझा कारकून मात्र शेवटी टपरीवर निवांत चहा पितो!

आणि कर्णपर्वातली पळवाटही नको. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला मारीन, असं अर्जुनाचं व्रत; म्हणतो नेमका धर्मराज. कृष्ण तोड काढतो, थोरल्याला अरे-तुरे केलंस की मारल्यातच जमा. कारकुनाला कृष्ण कुठून मिळणार?

बाकी, एक विचारायचंय. कथेतल्या कंटेनरचं सील शाबूत, पण दाराच्या कडीचा रिबिट नवा, त्यावरचा रंग जरासा ओला, हे पेपरातल्या बातमीत येत नाही. तू कुठे पाहिलंस? महिनाभर तू जेवताना गप्प असतोस, असं ताई सांगत होती. मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

कथा दिवाळी अंकाला इतक्यात धाडू नकोस. रविवारी इकडे ये, एकटा ये. फोनवर अक्षर बोलू नकोस. आणि खरोखरच कुणाला शब्द देऊन बसला असशील, तर तो कुणाला दिलास हे आधी मला सांग.

तुझा,
मामा