ऐकू येणे आणि समजणे

आमच्या चिरंजीवांचे स्टीलच्या भांड्यांचे दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सात वर्षांचा नातू माझ्याबरोबर तेथे येऊन बसत असे. धनत्रयोदशीला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भांड्यांचा खणखणाट, गिऱ्हाइकांची घासाघीस, बाहेर वाहनांचे भोंगे. गल्ल्यावरून मी त्याला म्हणालो, "आतले तीन डबे आण." तो तीन तवे घेऊन आला. मी सर्वांदेखत त्याला बोललो, "कानात बोळे घातलेस का? लक्ष कुठे असते तुझे?"

तो काही बोलला नाही. मात्र त्या दिवसापासून मी काहीही सांगितले की तो नुसती मान हलवू लागला. समजले नाही तर पुन्हा विचारणे त्याने सोडूनच दिले.

पुढे शाळेतूनही 'लक्ष देत नाही' अशी तक्रार आली, तेव्हा आम्ही त्याचे कान तपासून घेतले. कान निर्दोष होते. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, शांत खोलीत त्याला सारे ऐकू येते. गोंगाटातून बोलणे वेचून काढायचे काम मेंदूचे, आणि तो अजून वाढतो आहे."

मग मी या विषयावर थोडे वाचन केले. आईच्या उदरात असतानाच बाळाला ऐकू येऊ लागते. परंतु कोलाहलातून हवा तो आवाज निवडण्याची शक्ती फार सावकाश येते. पंख्याच्या घरघरीसारख्या एकसुरी आवाजात साधारण 9-10 वर्षांचे मूल मोठ्यांच्या बरोबरीला येते. शेजारी दुसरी माणसे बोलत असतील, तर मात्र ती क्षमता पक्की व्हायला 13-14 वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. शिवाय निसटलेला शब्द आपण अनुभवाने भरून काढतो. बँकेच्या काउंटरवर ग्राहकाचा अर्धा शब्द मला पुरत असे, तो त्या अनुभवामुळेच. लहान मुलाजवळ शब्दांचे तेवढे भांडवल नसते. म्हणूनच वर्गात शिक्षकांचा आवाज गोंगाटापेक्षा किमान 15 डेसिबलने वर असावा, असे तज्ज्ञ सांगतात. घरी उपाय सोपा आहे: टीव्ही बंद करावा, मुलाच्या जवळ जावे, आपला चेहरा त्याला दिसू द्यावा आणि मग बोलावे.

तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार टप्पे सांगितले आहेत. पाठशाळेत ते मी तोंडपाठ केले होते. शब्द कानी पडणे हा केवळ अवग्रह. तो कोणता याचा शोध ही ईहा, निश्चय हा अवाय आणि तो स्मरणात ठेवणे ही धारणा. नातवाची वाट ईहेतच अडली होती आणि मी तिला अवज्ञा समजलो होतो.

यंदा संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर घर माणसांनी गजबजले होते. मी नातवाला हात जोडून म्हणालो, "मिच्छामि दुक्कडं." त्याने कपाळाला आठ्या घालून विचारले, "काय म्हणालात, आजोबा?"

कितीतरी महिन्यांनी त्याने मला पुन्हा विचारले होते. मी खाली बसलो, त्याच्या डोळ्यांना डोळे भिडवले आणि सावकाश पुन्हा म्हणालो.