वैशाख पौर्णिमा बघून जा

नांदगाव, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. ज्येष्ठ नागरिक संघातल्या तुझ्या मैत्रिणी श्रीलंकेला निघाल्यात, जानेवारी की मे एवढंच ठरायचंय, आणि तू मात्र अजून पाय मागे घेते आहेस. तू लिहिलंस, ‘बसमध्ये चढायचं, उतरायचं, फोटो काढायचे, आपलाच वरण-भात जेवायचा नि परत यायचं. तिथली माणसं भेटणार कधी?’ शंका अगदी रास्त आहे. गेल्या मे महिन्यात मी तिथे जाऊन आले, तेव्हा तुला उत्तर देणं माझं काम. फोनवर दोन वाक्यांत ते उरकायचं नव्हतं, म्हणून कागद घेतला.

माणसं भेटतात, ताई. पण कार्यक्रमपत्रिकेत जी ठिकाणं छापलेली असतात तिथे ती क्वचित भेटतात.

आधी एक सांगते, कारण गटाने प्रवास करणाऱ्यांना नावं ठेवायची हल्ली पद्धत पडली आहे. केसरीभाऊ पाटलांनी 1984 साली केसरी टूर्स सुरू केली, 2013 मध्ये वीणा पाटलांनी वीणा वर्ल्ड काढलं, शिवाय आणखी कितीतरी लहानमोठ्या मंडळींनी हा व्यवसाय उभा केला. त्यांच्यामुळे इंग्रजी न येणारी, साठी उलटलेली, एकटी राहिलेली मराठी बाई पासपोर्ट काढून विमानात बसली. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. मला कुणी ‘तुम्ही एकट्या कँडीला जा’ म्हणालं असतं तर मी गेले नसते. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, वेळेवर जेवण, औषधाची आठवण करणारी माणसं, या आधारावर मी समुद्र ओलांडला. तो आधार मी कमी लेखणार नाही. मात्र बस भरलेली असली की ती भिंतीसारखी होते हेही खरं. ती भिंत कुठे उघडली ते तुला सांगते.

आमच्या सहलीत वैशाख पौर्णिमा आली. तिथे तिला वेसाक म्हणतात आणि दोन दिवस सरकारी सुट्टी असते. मांसाची, दारूची विक्री बंद. माणसं पांढरे कपडे घालून विहारात जातात, घरोघर कागदी आकाशकंदील लागतात, चौकाचौकांत जातककथांची चित्रं लावलेल्या विजेच्या कमानी उभ्या राहतात. आम्ही माताळेवरून कँडीकडे जात होतो. एका वळणावर पोरं हातात झेंडे घेऊन रस्त्यात उभी. मला वाटलं वर्गणी मागतायत. ड्रायव्हर हसला आणि त्याने बस बाजूला घेतली. टूर मॅनेजर घड्याळ दाखवत होता, पण ड्रायव्हर म्हणाला की आज कुणी थांबवलं तर नाही म्हणायचं नसतं.

तो दंसल होता. वेसाकच्या दिवसांत गावातली माणसं पैसे नि तांदूळ गोळा करून रस्त्याकडेला मांडव घालतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून जेवू घालतात. कुठे भात, कुठे उकडलेले चणे, कुठे बेलफुलांचा काढा, कुठे मुलांसाठी आईस्क्रीम. आरोग्य निरीक्षकाकडे नोंद करून परवानगी घ्यावी लागते, इतकी ती रीतसर गोष्ट आहे. आम्हाला बाकांवर बसवलं. भात, डाळ, कोवळ्या फणसाची भाजी, पापड. आपल्याकडे कुयरीची भाजी करतात ना, तोच फणस, फक्त नारळाच्या दुधात शिजवलेला आणि दालचिनी घातलेला. वाढणाऱ्यांत रिक्षावाले होते, शाळकरी मुली होत्या, एक पोलीसही होता. कुणीतरी पाकीट काढलं, तर वाढणाऱ्या मुलीने दोन्ही हात मागे घेतले. दंसलमध्ये पैसे घेत नाहीत.

एवढंच झालं असतं तरी मी समाधानाने परत आले असते. पण पुढे जे झालं त्यासाठी हे पत्र लिहायला बसले आहे.

आमच्या गटात कणकवलीकडचं एक निवृत्त जोडपं होतं, बौद्ध. दोघंही अबोल, बसमध्ये मागच्या सीटवर बसायची. मांडवात बुद्धाची मूर्ती होती, पुढे पांढरी फुलं. जेवण झाल्यावर ती दोघं मूर्तीपुढे गुडघ्यावर बसली आणि त्यांनी हात जोडून त्रिशरण, पंचशील म्हणायला सुरुवात केली. घरी रोज म्हणतात तशीच, हळू आवाजात. भात वाढणारी एक म्हातारी तिथल्या तिथे थांबली. तिने डाव खाली ठेवला आणि ती त्यांच्या आवाजात आवाज मिळवून म्हणू लागली. मग तिच्या मागची मुलगी, मग रिक्षावाले, मग तो पोलीस. पाली तीच. चाल थोडी वेगळी, श्वास घ्यायच्या जागा वेगळ्या, तरी कुठेही अडलं नाही. आमच्यातल्या कुणालाही सिंहली येत नव्हतं, त्यांच्यातल्या कुणालाही मराठी येत नव्हतं, आणि तरी ती माणसं सगळं पंचशील एकत्र म्हणून उठली.

म्हातारीने त्या बाईंचा हात धरला तो सोडेचना. ड्रायव्हरमार्फत विचारलं, तुमच्याकडे हे कुणी शिकवलं? त्यांनी एकच नाव सांगितलं, बाबासाहेब आंबेडकर. एका शिक्षक दिसणाऱ्या गृहस्थांना ते ठाऊक होतं. 1950 च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब श्रीलंकेत आले होते, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. आमच्या त्या गृहस्थांनी मग नागपूरच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेची हकीकत सांगितली. त्यांचे वडील रेल्वेने नागपूरला गेले होते. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच कोकणातलं, मंडणगड तालुक्यातलं, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. ड्रायव्हर एकेक वाक्य सिंहलीत करत होता आणि मांडवातली माणसं भोवती गोळा होत होती. आमची बस तासभर उशिरा कँडीला पोचली. दंतधातूच्या मंदिरात त्या संध्याकाळी इतकी गर्दी होती की आम्ही लांबूनच हात जोडले, पण कुणीही कुरकुर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघांना बसमध्ये पुढची सीट दिली गेली. कुणी ठरवलं नव्हतं. त्यांचा मोठेपणा आम्हाला परक्या मुलखातल्या माणसांनी दाखवला, याचा मला आनंदही वाटतो आणि विचारही करावासा वाटतो.

त्याच्या आधी त्रिंकोमालीला होतो. तिथे समुद्रात घुसलेल्या कड्यावर कोनेश्वराचं देऊळ आहे. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी पाडलं, आताचं नंतरचं. दर्शन झालं, फोटो झाले. पण माझ्या मनात राहिला तो दुसऱ्या दिवशी पहाटेचा किनारा. हॉटेलच्या मागेच माणसं दोन रांगांत दोर ओढत होती. आमच्यातले आचऱ्याचे एक काका चहाचा कप टाकून धावले. “ही आपलीच रापण मां!” म्हणाले आणि सरळ दोराला हात घातला. तिथे तिला मादेल म्हणतात. होडीने जाळं अर्धगोल टाकून यायचं, दोन्ही दोर किनाऱ्यावर आणायचे आणि माणसांनी ओढायचं. मालवणला जसं, तसंच. काकांच्या मागे आम्ही सगळे लागलो. ते लोक एका सुरात काहीतरी म्हणत, त्या ठेक्यावर पाय मागे टाकायचा. वाळूत टाच कशी रोवायची हे एका मुलाने मला दाखवलं.

जाळ्यात पेडवे, तारले, थोडे बांगडे. मोठं काही नव्हतं. ओढणाऱ्याला वाटा मिळतो ही रापणीची रीत तिथेही आहे, आणि आमच्या काकांच्या टोपीत म्हाताऱ्या मुकादमाने मासे ओतले. मग वाळूत बसून गप्पा झाल्या. त्यांच्यातला एक मूळचा मन्नारचा, तमिळ. त्याने विचारलं, तुम्ही भारतातले? आणि त्याचा चेहरा जरा बदलला. तमिळनाडूचे मोठे ट्रॉलर रात्री येऊन आमचा समुद्र तळापासून खरवडून नेतात, म्हणाला. श्रीलंकेने 2017 साली तळ खरवडणाऱ्या ट्रॉलिंगवर बंदी घातली ती या भांडणातूनच. क्षणभर सगळे गप्प. काकांनी गाइडला सांगितलं, याला सांग, आमच्या दारातही परराज्यांतले ट्रॉलर येतात, पर्ससीनवाले सगळी पिल्लं धुऊन नेतात, 2016 साली आमच्या सरकारनेही निर्बंध घातले, तरी रात्री समुद्रात दिवे दिसतातच. हे भाषांतर झाल्यावर मन्नारवाला हसला नाही, पण त्याने काकांना आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि किती वावाच्या जाळ्यात किती माणसं लागतात, वाटे कसे घालतात, असं दोघं बोटांनी वाळूवर काढत बसले. ताई, देशाच्या नावाने तक्रार आणि धंद्याच्या नावाने सख्य, दोन्ही एकाच पहाटे मी पाहिलं. खोटं गोड बोलण्यापेक्षा मला ते फार मोलाचं वाटतं.

ते मासे हॉटेलच्या स्वयंपाक्याने करून दिले. आंबटाला तो गोरका घालतो. सुकवलेल्या काळ्या फोडी असतात, आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. मी पिशवीतली आमसुलं काढून दिली, त्याने वास घेतला आणि मूठभर गोरका कागदात बांधून दिला. त्याची कढी करून बघितली. चांगली झाली, पण रंग येत नाही.

चहाच्या मळ्यांबद्दल मात्र तुला जपून सांगते. नुवारा एलियाकडे जाताना बस कारखान्यापाशी थांबते, चव बघा, पाकिटं घ्या. टोपली पाठीवर घेतलेल्या बायका फोटोला उभ्या राहतात आणि फोटो झाला की हात पुढे करतात. त्यांना मी दोष देत नाही, पण त्याला भेट म्हणवत नाही. जेम्स टेलर नावाच्या माणसाने 1867 साली लूलकंदुरा इथे चहा लावला. पुढे रोगाने कॉफी बसली आणि डोंगरच्या डोंगर चहाखाली आले. मजूर तमिळनाडूतून आणलेले. 1948 च्या कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना नागरिकत्व नाही. 1964 मध्ये शास्त्रीजी आणि सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला, सव्वापाच लाख माणसं भारताची, तीन लाख लंकेची, अशी माणसांची वाटणी. उरलेल्यांना नागरिकत्व मिळायला 2003 साल उजाडलं.

आमच्यातल्या ठाण्याच्या एका बाईंना तमिळ येतं. त्यांच्यामुळे कामगारांच्या खोल्यांपाशी एका मजूर बाईच्या पायरीवर थोडा वेळ बसता आलं. एकाला एक लागून दहा-बारा फुटी खोल्या, पुढे सामाईक ओटा. मला लालबागची आपली खोली आठवली, आणि बाबा, आणि 1982 च्या गिरणी संपानंतर ते गावी परत आले तो दिवस. तिने विचारलं, तिरुचिरापल्लीजवळचं अमुक गाव तुम्हाला माहीत आहे का? तिची आजी तिथली. ती स्वतः कधी गेली नाही. आम्हाला माहीत नव्हतं. तिने काळा चहा दिला, गुळाचा खडा हातात ठेवून. बस हॉर्न वाजवू लागली तेव्हा आम्ही उठलो.

हे सगळं आपल्या तिठ्यावर बसून लिहिते आहे, म्हणून एक गोष्ट मनात येते. मे महिन्यात देवगडकडे वळणाऱ्या गाड्या इथे थांबतात. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून त्या वाढतच आहेत. माणसं आंब्याची पेटी घेतात, कुणकेश्वरचा रस्ता विचारतात आणि जातात. त्याच वेळी रस्त्यापासून चार पावलांवर बायका रतांबे फोडत असतात, काजू भाजत असतात, आणि कुणी कुणाला ‘ये, बस’ म्हणत नाही. म्हणायला हवं. इथल्या बचतगटातल्या बायकांशी मी यावर बोलले आहे. येत्या मेमध्ये आमच्या मांगरात दोन बाक टाकायचं ठरलंय. रतांबा कसा फोडायचा हे ज्याला बघायचंय त्याने बसून फोडावा.

तर तू जा. मैत्रिणींना सांग, जानेवारी नको. त्या दिवसांत त्रिंकोमालीच्या बाजूला पाऊस असतो, समुद्र खवळलेला. मे धरा, आणि मुंबईत नाव नोंदवतानाच वैशाख पौर्णिमा सहलीत येते का ते विचारा. मात्र वेसाकला दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदी आधी उरका. टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की एखादी संध्याकाळ मोकळी हवी, त्याबदल्यात एखादं खरेदीचं दुकान गळलं तरी चालेल. तो ऐकतो, सगळ्यांनी मिळून म्हटलं तर. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट धर. वाटेत कोण का थांबवतंय, ते त्याला आधी कळतं. आणि संघात ते वरळीच्या बीडीडी चाळीतलं बौद्ध कुटुंब आहे म्हणतेस, त्यांना आग्रहाने बरोबर घ्या.

पैसे भरायची मुदत महिनाअखेर आहे ना? मग थांबू नकोस, याच आठवड्यात नाव दे.

तुझी,
धाकटी